तीस सेकंदांचा मधू खांबेटे

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट तळमजल्यावरून एकोणिसाव्या मजल्यावर पोचायला बरोबर तीस सेकंद घेते. हे मी मोजलेलं नाही. मधू खांबेटेनं मोजलंय, आणि त्या तीस सेकंदांचा त्यानं जो उपयोग केलाय तो लिफ्ट बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल.

२००२ सालची गोष्ट. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझ्या एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबीर. लिफ्टमध्ये टाय लावलेला, टक्कल पडलेला, चाळिशीचा एक गृहस्थ. दार बंद झालं. गृहस्थानं माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं, कोथिंबिरीकडे पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि खर्जात गरजला, "एक जहाज! एक कप्तान! आणि कप्तानाच्या प्रेमात पडलेल्या बारा परिचारिका!" मग त्यानं बूट आपटत चार पावलं नाचून दाखवली. बायकी आवाजात एक तान घेतली. तिसऱ्याच आवाजात हुंदका देऊन म्हणाला, "मी तिसऱ्यांदा पाहिलं हो, तरी रडले!" शेवटी पुन्हा खर्जात, "आजच तिकिटं काढा!"

दार उघडलं. एकोणिसावा मजला.

"नमस्कार," गृहस्थ साध्या आवाजात म्हणाला. "मी मधुकर खांबेटे. एकोणीस-सी. काही लागलं तर कळवा."

मी घरात शिरून नवऱ्याला म्हटलं, "श्रीकांत, शेजारी वेडा आहे."

"मराठी आहे का?"

"हो."

"मग चालेल," म्हणून श्रीकांतनं कोथिंबीर फ्रिजमध्ये ठेवली.

हळूहळू उलगडा झाला. मधू आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इथं आला. साठचं दशक संपत आलं होतं. पुढं काही वर्षांत इथल्या टीव्हीवर संगीत नाटकांच्या जाहिराती लागायला लागल्या. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये जी नाटकं चालायची त्यांच्या. अर्ध्या मिनिटात पाय उडवणाऱ्या नाचणाऱ्या बाया, एक गाण्याची ओळ, आणि नाटक पाहून बाहेर पडलेले प्रेक्षक. हे प्रेक्षक कॅमेऱ्यात बघून हसत, रडत, छातीवर हात ठेवून सांगायचे, की आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. मधूला अशा चौदा जाहिराती तोंडपाठ. नाटकाचं नाव मात्र एकाचंही सांगता येत नाही. तो म्हणणार, "जहाजाचं", "छत्र्यांचं", "जिन्याचं". नाव शेवटी क्षणभरच यायचं, आणि तेवढ्यात त्याच्या घरी कोणाला ते वाचता यायचं नाही.

माझ्या लहानपणी नागपूरला आमच्या घरी टीव्ही नव्हता. नाटक आलंय हे आम्हाला रिक्षातल्या भोंग्यावरून कळायचं. त्यामुळे मधूचा मला पहिल्यापासून हेवा वाटायचा, आणि हेव्यातूनच आमची दोस्ती झाली.

त्याची मराठीही आईवडिलांनी विमानातून आणली त्या सालातच थांबलेली. आमच्या मजल्यावरची पुण्याची पोरं "यार, मीटिंग कॅन्सल केली" म्हणायची, तेव्हा हा म्हणायचा, "आज बैठक रहित झाली. बरं झालं, आगगाडीला फार गर्दी होती." पॅन्टला तो विजार म्हणतो. बँकेतल्या कॉम्प्युटर विभागाचा हा साहेब, आणि म्हणतो विजार!

आणि जाहिरात कशाचीही. आमच्या पार्टीत माझं भरीत टेबलावर आलं, की हा चमचा वाजवून उभा. "एक वांगं! एक आग! आणि एका नागपुरी स्त्रीचा सूड!" आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. आरती संपायचा अवकाश, की मधू हात उंचावून गरजतो, "केवळ दीड दिवस! लोकाग्रह झाला तरी मुदत वाढणार नाही! आजच दर्शन घ्या!" पहिल्या वर्षी गुरुजी दचकले. दुसऱ्या वर्षीपासून तेच आरतीनंतर थांबून मधूकडे बघायला लागले.

एकदा मी विचारलं, "मधू, त्या कप्तानाचं पुढं काय होतं रे? बारांपैकी कोणाशी लग्न करतो?"

"काय माहीत! जाहिरात संपली."

"म्हणजे तू नाटक नाही पाहिलंस?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

नदीखालून जाणाऱ्या गाडीनं तो रोज मॅनहॅटनला कामाला जातो. नाटकांच्या रस्त्यापासून त्याचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर. मी चिडवून पाहिलं, "घाबरतोस काय रे?" त्यानं लगेच माझ्या स्वभावाची जाहिरात करून दाखवली. तिच्यात तिसऱ्यांदा पाहून रडणारा प्रेक्षक श्रीकांत होता.

यातली गंमत अशी, की तिकिटं मात्र तो काढायचा. स्वतःसाठी नाही. इमारतीत कोणाची आई भारतातून राहायला आली, की मधू दुपारच्या खेळाची दोन तिकिटं घेऊन दारात हजर. एक आईसाठी, एक सोबत जाणाऱ्यासाठी. खेळ संपेपर्यंत हा बाहेर फुटपाथवर थांबायचा. एका हातात हँडीकॅम, दुसऱ्या हातात माईक म्हणून चक्क लाटणं. आई बाहेर आली की लाटणं पुढं. "कसं वाटलं, मावशी?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, "छान होतं हो," म्हणायच्या. त्या टेपा दिवाळीच्या कार्यक्रमात लागल्या की हॉल हसून लोळायचा. मीही लोळले आहे. मला वाटायचं, आहे याचा एक छंद.

२००५ च्या ऑक्टोबरात माझी आई आली. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. सहा महिने राहायचं असं ठरवून मी तिला आणलं, आणि आठव्या दिवशी तिनं विचारलं, "तिकीट अलीकडचं करता येते का, पाह्य बरं."

"का गं? काय कमी आहे?"

"कमी काही नाही. पण इथं माझं काय काम आहे?"

तिची बॅग तिनं उघडलीच नव्हती. वरची दोन लुगडी काढायची, धुवायची, वाळवून परत आत. दिवसभर खिडकीशी बसून नदी बघायची. मी संध्याकाळी आले की पहिला प्रश्न, "लागला का फोन?" मी म्हणायची, "अगं, विमान कंपनीचा फोन लागतच नाही. तासतास गाणी वाजवतात." फोन मी केलेलाच नव्हता. नागपूरच्या त्या घरात ती एकटी दिवा लावून बसलीय, हे चित्र मला डोळ्यांपुढं येऊ द्यायचं नव्हतं. पण असं खोटं किती दिवस चालणार? तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "तुला जमत नसंल तर जावयाला सांगतो मी."

त्याच शनिवारी मधू आला. आईच्या पाया पडला आणि मागं सरकून सुरू झाला. "एक जिना! शंभर पायऱ्या! वरती ती, खालती तो, आणि मध्ये उभी तिची सावत्र आई!" मग तो आमच्या कॉफी टेबलावर चढला. उतरला. गायला. "आजच तिकिटं काढा!"

आई टक लावून बघत होती. "मंग भेटते का नाही ते दोघं?"

"ते जाहिरातीत नाही, मावशी."

"असं अर्धवट काऊन सांगून राहिला रे पोट्ट्या! सावत्र आईनं जीव घेतला पोरीचा, तर?"

"तेच तर पाहायला जायचं," म्हणत मधूनं खिशातून दोन तिकिटं काढली. जिन्याचं नाटक तीस वर्षांनी पुन्हा आलं होतं.

थिएटरमध्ये आईला इंग्रजीचं काही अडलं नाही. तीच मला समजावत होती. "या मिशीवाल्यावर भरवसा नको ठेवू." मध्यंतरानंतर तिनं माझा हात घट्ट धरला. "अगं, ते सावत्र आई नाही! आत्या आहे! चांगली बाई आहे!" शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले तेव्हा तीही उभी राहिली, आणि मी वर्षभरानं तिचे दात पाहिले.

बाहेर मधू सज्ज. लाटणं पुढं आलं. "कसं वाटलं, मावशी?"

"अरे मधू, ते सावत्र आई नाही. ते..."

"नको!" मधूनं कानांवर हात नेले. कॅमेरा एका कानावर, लाटणं दुसऱ्यावर. "शेवट सांगू नका, मावशी!"

"काऊन? तू पाहिलं नाही?"

आधीच्या सगळ्या आया इथं हसून पुढं गेल्या होत्या. माझ्या आईनं त्याच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. फिरवून पाहिलं. मधोमध अंगठा फिरवला.

"हे इथलं नाही. शिसवीचं आहे. आणि हे पाह्य, मधात झिजलं. रोज पोळ्या केल्या इनं. कोणाचं आहे?"

"आईचं," मधू म्हणाला. कुठलाही आवाज न लावता.

मग त्या गर्दीत, धक्के खात, त्यानं आईला सांगितलं. मी शेजारी उभी होते म्हणून मलाही कळलं. जाहिरात लागली की त्याची आई स्वयंपाकघरातून लाटण्यासकट धावत यायची. ती संपली की लाटणं तोंडापुढं धरून, आपण नाटक पाहून बाहेर आल्यावर काय सांगायचं, याची तालीम करायची. इंग्रजीतून. तीन वाक्यं होती, तिची तिनं जुळवलेली. सेलमध्ये त्यासाठी एक निळा कोटही घेऊन ठेवला होता. वडील म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. मधू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ती गेली. कोट नवाच होता.

"पण मग तू का नाही जात?" मी विचारलं.

"आईच्या आधी मी कसं पाहू?" तो म्हणाला. इतकी साधी गोष्ट मला कळत नाही याचं त्याला नवल वाटलं.

आईनं लाटणं पदराला पुसलं. "एक आई पाहून आली ना आता? झालं तर मंग. आता तुझा नंबर. पुढच्या शनिवारी तू आत जाशील, अन् मी इथं उभी राहीन. हे कॅमेरा कसा धरते ते दाखव."

आठवडाभर ती कॅमेरा धरायला शिकत होती. श्रीकांतच्या पायांचं आमच्याकडे पुष्कळ चित्रण आहे. तिकिटाच्या फोनचं तिनं एकदाही विचारलं नाही. मीच न राहवून म्हटलं, "आई, विमान कंपनीला फोन करू का?" तर म्हणाली, "थांब बाप्पा. शनिवारी काम आहे मला."

शनिवारी गारठा होता. माझा पार्का म्हणजे टोपीवाला जाड कोट, डोक्याला मफलर, पायात मोजे आणि चपला असा आईचा थाट. मधूनं नवीन टाय लावला होता. दारापर्यंत जाऊन तो तीनदा वळला. "मावशी, इथंच आहात ना?"

"इथंच आहो. जा."

"संपेपर्यंत थांबाल ना?"

"अरे जा ना, पडदा उघडला असंल!"

आम्ही समोर कॉफी प्यायलो, पण शेवटचा अर्धा तास आई दारासमोरून हलली नाही. लोक बाहेर यायला लागले. हसत, गाणं गुणगुणत. मधू सगळ्यांत शेवटी आला.

त्यानंतर आई पूर्ण मुदत राहिली. बॅग रिकामी करून तिनं लुगडी कपाटात लावली. मधूनं आणखी पाच नाटकं पाहिली. दर वेळी बाहेर पार्का घातलेली मावशी लाटणं घेऊन उभी. वसंतात ती नागपूरला परतली. आता दर रविवारी मधू तिला फोन करून नाटकाची गोष्ट सांगतो. जहाजाचं नाटक काही परत आलं नाही. दोघंही वाट बघतायत.

त्या पहिल्या शनिवारची टेप माझ्याकडे आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात कधी लावली नाही. सुरुवातीला फुटपाथ दिसतो, मग मधूचे बूट, मग एकदम त्याचा चेहरा, जरा तिरका. लाटणं पुढं येतं. आईचा आवाज, "बोल. कसं वाटलं?"

मधू तोंड उघडतो. मिटतो. चौदा जाहिराती पाठ असलेला हा माणूस कॅमेऱ्याकडे नुसता बघत राहतो. गर्दी त्याला धक्के देत जाते. मी घड्याळ लावून पाहिलंय, तीस सेकंद होऊन जातात. तरी तो उभाच. मग म्हणतो, "मावशी, ते पुढंही चालू राहतं हो."

चित्र खाली घसरतं. कॅमेरा बंद करायला आई विसरलीय. पुन्हा फुटपाथ, त्याचे बूट, तिच्या चपला. आणि तिचा आवाज, "चाल. भूक लागली असंल तुला."