वरच्या दातांची सायकल

थिजवाडीत मार्गशीर्ष लागला की सायकलींना दात येतात.

आधी टायरचं रबर सुजतं. मग त्यावर पुळ्या दिसतात, आणि एका सकाळी ज्वारीच्या दाण्याएवढं लोखंडी टोक बाहेर डोकावतं. आठवडाभरात चाक भरतं. फाल्गुनात ऊन चढलं की दात गळतात. ते उंदराच्या बिळात टाकायचे, म्हणजे पुढल्या वर्षीचे सरळ येतात.

दात नसून चालत नाही. डेअरीकडे जाणारा चढ आहे ना, म्हशीची पाठ म्हणतात त्याला, तो या दिवसांत गोठून काचेसारखा होतो. बिनदाताची सायकल त्यावर गेली तर गेली तशी परत येते, फक्त माणूस खाली आणि सायकल वर. म्हणून दत्तजयंतीपासून ज्याच्याकडे दातांचा दाखला नाही, त्याला चढबंदी. आणि त्या सकाळी सातच्या आत ज्याचं दूध वर पोचलं नाही, त्याची दुधाची फेरी दुसऱ्याला जाते.

ठकूबाई आखाडेची फेरी बारा घरांची, सासऱ्यापासून चालत आलेली. पण सायकल यंदाचीच, आणि दत्तजयंती उद्यावर आली तरी तिला एक दात नाही. ठकूबाईने काय करायचं सोडलं? मधात टाकणखार कालवून टायरला चोळला. पुढच्या चाकाला चघळायला खारीक बांधली. सायकल रात्रभर किरकिरायची, पण दात म्हणून नाही.

त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ केरू मुक्कामाला आला. बहिणीची सायकल अंगणात आडवी पडलेली दिसली, ती त्याने उचलून गोठ्याच्या भिंतीला टेकवली. बिचाऱ्याने चांगलंच केलं.

दत्तजयंतीला उजाडताच ठकूबाई ओरडली, "आले! चार आले!"

पंचायतीचे भाऊसाहेब दातांची वही घेऊन आले. चष्मा पुसून त्यांनी पुढचं चाक पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ठकूबाई, वरचे आलेत आधी."

वरचे दात आधी आले की मामाला वाईट, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"अहो, चाक आहे ते," ठकूबाई म्हणाली आणि तिने चाकाला अर्धा फेरा दिला. "हे बघा, झाले खालचे."

"झाले. पण नोंद पहिल्या दर्शनाची होते. हिला तेलपाणी कोण करतं?"

"मीच."

"म्हणजे आई तुम्ही. सख्खा भाऊ आहे?"

"हा काय, बशीतला चहा फुंकतोय."

केरूने बशी खाली ठेवली.

"सायकल भिंतीला उभी कुणी केली होती?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"म्या," केरू म्हणाला. "म्हंजे माझ्या हातानं मीच वर करून ठिवले व्हय दात?"

"तसं दिसतंय खरं. आता मामाची हरकत नाही अशी सही लागेल."

"हरकत हाय! माझ्या मागं तीन म्हशी हायत, भाऊसाहेब."

"तुझ्या मागं म्हशी, अन् माझ्या पुढं सात वाजतायत," ठकूबाई म्हणाली.

भाऊसाहेबांनी वहीची पानं चाळली. "कलम सतरा आहे. मामाने भाचीवर बसून गोठलेला चढ एकदा पार करावा. जे वाईट व्हायचं ते तिथल्या तिथं होऊन जातं, आणि दाखला पक्का होतो."

"आन् झालंच वाईट तर?"

"तर तुमच्या जागी तुमच्या वारसाची सही घेऊ."

केरूने बहिणीकडे पाहिलं. ठकूबाई हळूच म्हणाली, "केऱ्या, भाऊबीजेला ताटात काय टाकू म्हणालास, मी म्हणाले राहू दे. आता टाक स्वतःला."

दोन्ही काखांत दुधाच्या दोन किटल्या धरून केरू कॅरियरवर उलटा बसला, कारण किटल्यांसकट सुलटं मावत नव्हतं. ठकूबाईने कासोटा खोचला आणि पायडल मारलं.

चार दात एका जागी असल्यामुळे सायकल एक हात पुढे जाई आणि चार बोटं मागे येई. पुढे, मागे. पुढे, मागे. किटल्या डुचमळत होत्या.

"आक्के, आपण मागं चाललोय!"

"तोंड मागं करून बसलायस, तुला तसंच दिसणार!"

"न्हाय गं, खरंच मागं!"

"ते चारच बोटं. गप बस!"

निम्म्या चढावर मात्र सायकलीला बर्फाची चव कळली. हिरड्या शिवशिवत होत्याच. तिने बर्फाला कचकन चावा घेतला, आणि लाह्या फुटाव्यात तसे दात फुटायला लागले. टप, टप, टप. पुढचं चाक भरलं, मागचं भरलं, आणि सायकल कर्रकर्र करत उधळली. ठकूबाईचे पाय पायडलवर ठरेनात. केरू आधी आईचं नाव घेत होता, मग ग्रामदेवतेचं, आणि वरच्या वळणावर त्याला जे हसू फुटलं ते डेअरीच्या दारात सायकल थांबली तरी थांबेना.

सातला चार मिनिटं कमी होती. डेअरीचे सचिव अप्पा घोरपडे यांनी किटल्यांची झाकणं उघडली. आत नारळाएवढे लोण्याचे दोन गोळे, आणि खाली ताक.

ठकूबाईने आत डोकावलं. "गेली माझी फेरी."

अप्पांनी बोटाने लोणी चाखलं.

"नियम काय म्हणतो? सातच्या आत दूध पोचलं पाहिजे. लोणी दुधाचंच ना?"

"दुधाचंच की."

"ताक?"

"तेही दुधाचंच."

"मग दूध पोचलं. वेगवेगळं पोचलं, एवढंच." त्यांनी वहीत रेघ मारून दोन नवे रकाने पाडले आणि शिक्का उठवला. "उद्यापासून तुमची फेरी लोण्याताकाची. साधं दूध आणलंत तर परत पाठवीन. आणि मामा रोज लागेल."

केरूने मान हलवली. वाईट काही झालं नाही अशी सहीही त्याने तिथेच ठोकली.

ठकूबाईने एका गोळ्यातलं बोटभर लोणी काढलं. केरूने आ वासला.

"आधी भाचीला," ती म्हणाली, आणि सायकलीच्या सुजल्या हिरड्यांना लोणी लावू लागली.