सुजलेला जबडा

पेशंटांची भीती जावी म्हणून दातांच्या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत काचेची टाकी ठेवली होती. तीत उष्ण समुद्राच्या प्रवाळातले, अंगठ्याएवढे, काळ्या पट्ट्यांचे दोन मासे होते. एके दिवशी त्यातल्या एकाचा जबडा सुजला.

पहिल्यांदा पाहिलं ते कवळी बसवायला आलेल्या आजींनी. "डॉक्टर, याची दाढ दुखतेय."

"आजी, माशाला दाढ नसते."

"मग गाल का फुगलाय? माझा अस्साच फुगला होता."

डॉक्टरांनी चिमूटभर खाद्य टाकलं. जोडीदारीण तुटून पडली. सुजलेला मासा मात्र तोंड घट्ट मिटून कोपऱ्यात तरंगत राहिला. आजींच्या शेजारचे गृहस्थ "एक फोन करून येतो" म्हणत उठले आणि समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसले.

मग रोज तेच. पेशंट यायचे, टाकीकडे बघायचे आणि कुजबुजायचे, "घरच्या माशाचं हे, तर आपलं काय होणार?" बाकं ओस पडू लागली. डॉक्टरांनी टाकीवर टॉवेल टाकला. त्याने तर पार वाट लागली. येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारायचा, "कधी गेला?"

"अहो, असंच चाललं तर कुलूप लावावं लागेल," काउंटरवरून बायको म्हणाली.

शेवटी उरली तीन जोडपी. दुखणं नवऱ्यांचं, ओढून आणलेलं बायकांनी. तीही चुळबुळायला लागली तशी डॉक्टरांनी टॉवेल काढला, कपाळाला दिवा बांधला, डोळ्यांना भिंग लावलं आणि टाकीपुढे गुडघे टेकले.

"सगळ्यांदेखत तपासतो. मग तर झालं? हं, आ कर," ते सवयीने म्हणाले.

माशाने खरंच आ केला. आतून कितीतरी इवलेसे डोळे डॉक्टरांकडे बघत होते.

"किडलीय का?" एका नवऱ्याने विचारलं.

"पोरं आहेत," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "तोंडात."

त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि विजयी आवाजात वाचून दाखवलं: मादी अंडी देऊन मोकळी होते. नर ती तोंडात धरतो, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंड मिटून उपाशी राहतो.



"उपाशी?" पहिली बाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"आणि तोंड मिटून," दुसरी म्हणाली.

"धाकटा रात्रभर रडायचा," तिसरीने आठवण काढली, "तेव्हा हॉलमध्ये उशी घेऊन कोण गेलं होतं हो?"

तिचा नवरा ताडकन उठला. "डॉक्टर, मला घ्या आत."

"काल तर दाढ काढायला नको म्हणत होतात!" डॉक्टर म्हणाले.

"काढा. दोन काढा."

"ओ, आधी मी आलोय!" दुसरा उठला. तिसरा आतल्या खुर्चीच्या दिशेने निघालासुद्धा.

इतके उतावीळ पेशंट डॉक्टरांनी कधी पाहिले नव्हते. ते खुशीत हातमोजे चढवू लागले.

"अहो," काउंटरवरून शांत आवाज आला, "आपल्या मुलीच्या वेळचं काही आठवतंय का?"

"तिघांनाही एकदमच घेतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.