उंबाडियू म्हणा

प्रथमेश विमानात बसायच्या आधी मृणालने परदेशातून घरी फोन करायचे सगळे मार्ग त्याच्याकडून पाठ करून घेतले. उतरल्याबरोबर तिथलं सिम घ्यायचं. ते नाही मिळालं तर विमानतळाच्या वायफायवरून व्हॉट्सअ‍ॅप. तेही नाही जमलं तर स्वस्तात फोन लावून देणारं ते अ‍ॅप, आणि अगदीच अडलं तर हॉटेलच्या काउंटरवरचा साधा फोन. प्रथमेश सिल्वासाजवळ अथालच्या एका धागा कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळायचा. नवीन मशीन बघायला कारखान्याने त्याला व्हिएतनामला धाडलं होतं.

"अगं, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. चंद्रावर नाही चाललो मी," तो म्हणाला.

"चंद्रावरून कोणी ओटीपी मागत नाही," मृणाल म्हणाली.

मृणाल सावध बाई होती. लहानग्या मनूच्या नाकात जाईल म्हणून त्यांच्या घरी शेंगदाणा अख्खा असा कधी येतच नसे, कुटूनच यायचा. त्यात तिने कुठेतरी वाचलं की हल्ली भामटे माणसाचा आवाजसुद्धा हुबेहूब काढतात, तेव्हा प्रत्येक घराने आपापला परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. शब्द नाही, तर बोलणं नाही. हे वाचल्यावर तिला दोन घास गोड लागेनात.

शेवटी शब्द सापडला तो सासूबाईंसकट सगळे फिरायला निघाले असताना, सामरवरणीच्या रस्त्यावर. थंडीचे दिवस, कडेला उंबाडियूची गाडी, शेजारी मडकी उपडी घालून भोवती जाळ केलेला, आणि आत पापडी, कंद, रताळी खरपूस भाजत पडलेली. द्रोणातला कंद फुंकून मनूला भरवता भरवता मृणालला सुचलं.

"उंबाडियू. हा शब्द जगातल्या कुठल्याही भामट्याला सुचायचा नाही."

"ठरलं," प्रथमेश म्हणाला, आणि द्रोण पुढे करून त्याने आणखी मागितलं.

तो पोचायचा त्या दिवशी सकाळपासून मृणाल मोबाईल हातात घेऊन बसली होती. विमान उतरलं हे तिने इंटरनेटवर पाहिलं होतं. त्याच्या नेहमीच्या नंबरावर लावला तर फोन बंद. सासूबाई, म्हणजे सुमनताई, शाळेतून निवृत्त झालेल्या रत्नागिरीकडच्या बाई. त्या शांतपणे मेथी निवडत होत्या.

"आई, अजून फोन नाही."

"सामान घेत असेल. विमानातून उतरला की माणूस आधी बॅग शोधतो, मग बायको."

तेवढ्यात मेसेज आला. अनोळखी, परदेशी नंबर. 'हाय. हा माझा नवीन नंबर. तुझ्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो लगेच पाठव.'

ज्याची भीती घातली जाते ते अस्सं, सगळ्या खाणाखुणांसकट समोर. फोन लावायच्या त्या अ‍ॅपचं खातं आपणच आपल्या नंबरावर उघडून दिलं होतं, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात कुठलं यायला? मृणालने नंबर ब्लॉक केला. आणि आपल्यापुरतं बघणाऱ्यांतली ती नसल्यामुळे मेसेजचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'सावधान. या नंबरावरून फसवणूक चालू आहे.'

सोसायटी पेटून उठली. कोणी लाल दिवे पाठवले, कोणी हात जोडले. तळमजल्यावरच्या झुंबरताईंनी लिहिलं, 'थांबा वयनी, मी त्याले फोनच लावते.'

थोड्या वेळाने मृणालचा फोन वाजला. दुसराच परदेशी नंबर.

"हॅलो मृणाल, मी बोलतोय. हॉटेलच्या काउंटरवरून."

आवाज हुबेहूब. नाकात बोलण्याची लकबसुद्धा तीच. मृणालने मनूला जवळ ओढलं.

"आधी शब्द सांगा."

"सांगा? तू मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस?"

"शब्द."

"अगं, तुला मेसेज केला तर तू ब्लॉक केलंस. आणि आता माझ्या नवीन नंबरावर कोण कोण फोन करून मला शिव्या घालतंय. एका बाईने तर माझा बाप काढला."

"शब्द सांगा, नाहीतर ठेवते."

पलीकडून चाचपडत, "काहीतरी खायचं होतं... मडक्यातलं... हां. उंधियू."

किती जवळ आला होता चोर. पण नियम म्हणजे नियम.

"चूक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. सुमनताईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

"काय म्हणाला तो?"

"उंधियू."

"मग प्रथमेशच तो. इतकी वर्षं सिल्वासात राहतोय, उंबाडियूला कधी उंबाडियू म्हणालाय? परवा गाडीवर काय मागितलं त्याने? 'भाई, उंधियू और दो.' तो गाडीवाला हसला होता. अगं, बरोबर शब्द सांगितला असता ना, तर मी पोलिसांना फोन लावला असता."

मृणालने घाईघाईने त्याचा नवा नंबर ब्लॉकमधून मोकळा केला आणि लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. परदेशात माणूस एकटा, उपाशी, आणि आपल्या बायकोने सगळी सोसायटी त्याच्या अंगावर सोडलेली.

दाराची बेल वाजली. झुंबरताई. चेहऱ्यावर समाधान.

"वयनी, तुमचे प्रथमेशभाऊ पोचले बरं. भात खाल्ला, सूप आवडलं नही. स्वेटर घरीच राहून गेला म्हने."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तं शिव्या द्यायले फोन लावला होता. मी म्हटलं, का रे मुडद्या, बायाबापड्यांले ओटीपी मागतस? तर तो म्हने, झुंबरताई, मी प्रथमेश. म्हटलं, कशावरून? तर म्हने, तुमचा मिक्सर दिवाळीपासून आमच्याकडे पडला आहे. चोराले हे कसं माहीत राहीन? मग मले पटलं."

मृणालची नजर ओट्याकडे गेली. मिक्सर होता.

"आन वयनी, तो शब्दाचं म्हनत होता. मडक्यातलं, पन उंधियू नही. मी म्हटलं, भाऊ, मग ते उंबाडियू. त्यात काय. जिन्यात वरच्या मजल्यावरची शीतल उभी होती, तिनंबी तेच सांगलं."

झुंबरताई मिक्सर काखेत मारून निघाल्या, आणि फोन वाजला. मनू "बाबा, बाबा" करत मांडीवर चढला. मृणालने फोन उचलला.

पलीकडून एकेक अक्षर सुटं करून, शाळेतल्या मुलासारखं स्पष्ट ऐकू आलं, "उं-बा-डि-यू."

"तो शब्द बाद झाला," मृणाल म्हणाली. "जिन्यात सगळ्यांना माहीत झालाय. तू कसं म्हणतोस ते म्हण."



"...उंधियू."

"हं," मृणालने डोळे पुसले. "आता बोल. पोचलास ना नीट?"