टेकाडाचं उद्यापन

एका जंगलात, बाळांनो, एक करडं टेकाड होतं. पूर्वी तिथे माणसांनी तांब्याची खाण खणली होती. तांबं घेऊन माणसं गेली आणि उरलेला चुरा तिथेच ओतून गेली. त्यावर काही उगवत नसे. देवाच्या मनात येईल तेव्हा उगवेल, असं म्हणून सगळे वळसा घालून जात.

वाघ महाराजांच्या राज्याला बारा वर्षं पुरी होणार होती. श्रावणी पौर्णिमेला टेकाड हिरवं दिसलं पाहिजे, असा त्यांनी संकल्प सोडला आणि काम कोल्होबा प्रधानांकडे दिलं.

प्रधानजींनी आधी गांडूळआजींना विचारलं. आजींचं सारं आयुष्य मातीत गेलेलं. त्या म्हणाल्या, शेण नि पालापाचोळा खड्ड्यात घालून दोन पावसाळे कुजू द्या. मुरलेलं खत तांब्याला धरून ठेवतं, गवतात चढू देत नाही. कच्चं शेण मात्र घालू नका हो. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं त्याच्या रसात तांबं सुटतं आणि थेट पानात जातं.

प्रधानजींनी हे सगळं लिहून घेतलं. मग पंचांग पाहिलं. पौर्णिमेला दोनच महिने होते. त्यांनी गव्यांना बोलावून टेकाडभर कच्चं शेण पसरवून घेतलं.

त्याच रानात चंद्रा नावाची हरणी होती. तिला पहिलंच पाडस. तिचं दूध आटत चाललेलं आणि पाडसाला आता कोवळ्या गवताची गरज. आजींचं बोलणं तिने ऐकलं होतं. तिने नेम धरला. रोज उंबराखालचं जुनं, काळं खत तोंडात धरून आणायचं, टेकाडाच्या शेण न पोचलेल्या एका कोपऱ्यात घालायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. बाकीच्या हरणी हसल्या. एवढ्याशा तोंडाने काय टेकाड भरणार आहेस, म्हणाल्या.

पौर्णिमा आली. टेकाडावर गुडघाभर गवत डुलत होतं. चंद्राच्या कोपऱ्यात मात्र बोटभरच.

वाघ महाराज गवत खात नाहीत. त्यामुळे गवत उत्तम आहे, हे त्यांनी लगेच जाहीर केलं. मोराने स्वागतगीत म्हटलं. मग प्रधानजींनी सांगितलं की उद्यापनाचा प्रसाद म्हणून पहिला घास रानातलं सर्वांत धाकटं लेकरू घेईल. तसं दिसायलाही बरं दिसतं.

धाकटं लेकरू म्हणजे चंद्राचं पाडस. ते मान लांब करून निघालंसुद्धा.

चंद्रा धावत आडवी आली. प्रसादाला नाही म्हणायचं कसं? तिने पाडसाला पायांत घेतलं, देवाला हात जोडले आणि हळूच म्हणाली, "महाराज, आमच्याकडे रीत आहे. संकल्प ज्याचा, पहिला प्रसाद त्याचा. आपल्याला एक काडी पुरे."

सभा म्हणाली, खरंच की.

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजी त्यांच्या कानाशी लागले आणि ताकाबद्दल, तांब्याबद्दल बरंच काही बोलले. महाराजांना आठवलं की आज त्यांचा निर्जळी उपास आहे.

"मग प्रधानजी घेतील," चंद्रा म्हणाली.

प्रधानजींनाही उपास होता. गव्यांना होता. मोरालाही निघाला. सगळ्यांनी एकेक काडी भक्तिभावाने डोळ्यांना लावली आणि बाजूला ठेवली.

"एवढं उपासकरी रान मी पाहिलं नव्हतं बाई," गांडूळआजी म्हणाल्या आणि मातीत गेल्या.

शेवटी महाराज उभे राहिले. हे गवत इतकं पवित्र आहे, की ते कुणीच खाऊ नये, असं त्यांनी फर्मावलं. भोवती कुंपण घातलं. प्रधानजींना शाल आणि नारळ मिळाला.

कुंपण चंद्राच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं नाही. बोटभर गवत कुंपणात घेण्यासारखं कुणाला वाटलं नव्हतं. पाडसाने तिथे चार घास खाल्ले, पाचवा मागितला. दुसऱ्या दिवशी दोन हरणी चंद्राकडे आल्या आणि विचारू लागल्या, तुझा तो उंबर नेमका कुठे गं?

तात्पर्य: गवताचं काम नेहमी गवत न खाणाऱ्यांकडेच द्यावं. ते वेळेत पुरं होतं.