बावड्याच्या वाटेवरचा रोमचा घुमट

जगातली कुठलीही इमारत घ्या. ती कुणी बांधली आणि कुणाच्या पाठीवर दगड लादून बांधली, हे साहेबराव बसल्या जागी सांगायचे. बसली जागा म्हणजे बावड्याच्या अलीकडची वस्ती. पाटाचं पाणी वाटण्यात नोकरी गेली, सोलापूरच्या पलीकडं माणूस कधी गेला नव्हता. पण बारामतीच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या जाडजूड चित्रांच्या पुस्तकांतून ते रोम, इजिप्त, जावा असं सगळं फिरून आले होते. इंग्रजी त्यांना अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं ते रागाच्या जोरावर लावायचे.

"हा पिरॅमिड बघ," ते सुनेला म्हणायचे. "आत राजा झोपलाय. आन ज्यांनी दगड वढलं, ती कुठं झोपली? एवढ्या पुस्तकात एक वळ लिवली न्हाय त्यांच्यावर."

"मामा, राजाला जरा बाजूला घ्या," करुणा म्हणायची. "मला परात ठेवायचीय."

करुणापुढचा प्रश्न पिरॅमिडपेक्षा साधा होता. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागला की वस्तीत तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचायची करुणा. मागल्या साली वाचन शाळेच्या पडवीत होतं आणि सरपंच मोहनरावांनी ते दोनदा उठवलं. एकदा खताची पोती ठेवायची होती म्हणून, आणि एकदा कारण सांगायचीही गरज वाटली नाही म्हणून. ग्रंथ अर्धाच राहिला. दुसऱ्याच्या पडवीत बसणाऱ्याला दुसरा कधीही उठवतो, एवढा समाजाचा इतिहास करुणाला पाठ होता. यंदा आपल्या छपराखाली बसायचं आणि शेवटच्या पानापर्यंत उठायचं नाही, अशी तिची जिद्द. वस्तीनं वर्गणी काढली. सगळ्यांचं एकमत झालं: विहार म्हणून साधा हॉल, वर पत्रा.

तेवढ्यात साहेबराव उभे राहिले.

"पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यालाबी असतो. आजपातूर जगातले घुमट आपल्यासारख्यांनी डोक्यावर विटा वाहून बांधलं आन आत बसलं दुसरंच. आता आपला घुमट. रोमला हाय तसा. मधोमध भोक, भोकातनं आभाळ."

"आन पाऊस?" भागुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"रोमलाबी पडतोय."

रोमचा पाऊस कुणी बघितला होता?

लाकडी साचा न लावता घुमट चढवणारा गवंडी भागात एकच. वडगाव निंबाळकरचा दत्तोबा. त्याचे घुमट इंदापूर-बारामती दोन्ही तालुक्यांत होते, पण सगळे जमिनीत, सगळे गोबरगॅसचे. साहेबरावांनी त्याच्यापुढं पुस्तक धरलं. दत्तोबानं चित्र उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं.

"दार लय उंच हाय. घुमट फाटंल."

"रोमला फाटला न्हाय."

"मग रोमचा गवंडी बोलवा. माझ्या हातचं दार कमरंएवढंच. जरा वाकून जायाचं."

वाकून म्हटल्याबरोबर साहेबरावांचा पारा चढला. "आमची माणसं लय वाकली, दत्तोबा. हितं ताठ जातील. एकालाबी मान खाली घालाय लागली, तर तुझी वीट न् वीट उचकटीन."

दत्तोबा तंबाखू मळत बसला. चिमूट दाढेला ठेवून झाल्यावर म्हणाला, "मग भिंतच जमिनीत घिऊ. भायरनं मातीचा दाब ऱ्हाईल. दार भिंतीत, घुमट तेवढा वर. उतारानं खाली जायाचं, पर ताठ जायाचं."

ताठ जायचं म्हटल्यावर साहेबरावांचं समाधान झालं. पुढं भोकावरनं वाद पेटला. रोमच्या भोकातून अख्खं आभाळ दिसतं, असं साहेबरावांनी चित्र दाखवून सांगितलं. "आभाळ भायर लय हाय," म्हणत दत्तोबानं मुठीएवढं भोक ठेवलं आणि पाणी आत गळू नये म्हणून त्यात एक वाकडा पाइप बसवून टाकला. हाताला वळणच तसं.

मार्च संपायच्या आत घुमट पांढराधोप झाला. आता रस्त्यावरून काय दिसत होतं? जमिनीतून वर आलेला घुमट, त्याच्या टाळूवर वाकडा पाइप आणि बाजूला उतरता चर. वस्तीत कुणाला काही खटकलं नाही. गोबरगॅसला गोठा लागतो, गोठ्याला जमीन लागते. वस्तीत या दोन्हींची ओळख दुसऱ्यांच्या रानात राबण्यापुरती, त्यामुळं गोबरगॅसही दुसऱ्यांच्याच परसातला.

खटकलं ते मार्चच्या शेवटच्या दिवशी जीपमधून चाललेल्या एका सरकारी साहेबांना. खटकलं कसलं, ते हरखलेच. वर्षभराचं गोबरगॅसचं उद्दिष्ट त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं आणि दिवस मावळत चालला होता.

"केवढं मोठं काम," साहेब खाली उतरले. "कुणाचं?"

आपल्या वस्तीतली इमारत बघायला जीप थांबली, हे साहेबरावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "वस्तीचं. कल्पना माझी. मूळ रोमचं."

"म्हणजे परदेशी मॉडेल. पुरेल किती जणांना?"

"समद्या वस्तीला पुरंल."

"उत्तम. घुमटावर हात ठेवून उभे राहा."

फोटो निघाला. साहेबांच्या माणसानं घुमटावर पिवळ्या रंगात नंबर टाकला. जीप गेल्यावर साहेबराव सुनेला म्हणाले, "जगातल्या मोठ्या वास्तूंना सरकार असाच नंबर देतंय. आता हिला कुणी हात लावू शकत न्हाय."

चार दिवसांनी दत्तोबा राहिलेला गिलावा करायला आला. नंबर बघून त्याचं घमेलं हातातच राहिलं. "साहेबराव, ह्यो गॅसचा नंबर हाय. माझ्या समद्या टाक्यांवर असाच हाय."

साहेबरावांनी तिथूनच इंदापूरची एसटी धरली. जीपवाले साहेब कचेरीत चहा पीत होते.

"तो विहार हाय," साहेबराव गरजले.

"असेल. पण मार्च संपला. आकडा वर गेला."

"मग खाली आणा."

"वर गेलेला आकडा खाली आणायची पद्धत नाही आपल्याकडे. आणि काय म्हणालात, विहार? म्हणजे आत माणसं बसवणार? गॅसच्या टाकीत? नियमात बसत नाही ते."

साहेब नियमाचे पक्के. आठवड्यात पत्र्याची पाटी आली आणि उताराच्या तोंडाशी ठोकली गेली. 'गोबरगॅस संयंत्र. धोका. आत जाऊ नये. विडी ओढू नये.' खाली लाल रंगात कवटी आणि दोन हाडं.

वस्ती साहेबरावांवर उखडली. पत्र्याचा हॉल केला असता तर त्याला कुणी टाकी म्हटलं नसतं, असं लहानथोर तोंडावर सांगू लागले. करुणानं ग्रंथ फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिला. ते साहेबरावांना जास्त लागलं.

आषाढ पौर्णिमेला संध्याकाळी तिनं ग्रंथ उचलला. "पाटी असू दे न्हायतर तोफ. आपण आत बसायचं."

माणसं उतारानं खाली गेली. सगळी ताठ गेली. करुणानं पहिलं पान उघडलं. साहेबराव पक्कड घेऊन पाटी उपटायला निघाले, तोच मोहनराव दोन माणसांना घेऊन हजर. तोंडात पेटलेली विडी.

"परवानगी कुणाची हाय? उठवा समद्यास्नी."

साहेबरावांनी छाती भरून घेतली. रोमपासून जाव्यापर्यंतचं सगळं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण त्यांच्या आधी भागुबाई दारातून वर आल्या.

"या की सरपंच, खाली या. विडी तेवढी घिऊन येऊ नका. पाटी वाचली न्हाय का?"

मोहनरावांनी पाटी वाचली. कवटी पाहिली. पाइप पाहिला. मग ओठांतल्या विडीकडं तिरपा डोळा केला.

"मग तुमची माणसं कशी काय बसलीत आत?"

"आमाला जल्मापास्नं सवय हाय धोक्याची."

बरोबरची दोन माणसं तोवर रस्त्याला लागली होती. मोहनरावांनी विडी चपलेखाली चिरडली, ती विझली का ते वाकून बघितलं आणि मागच्या मागं सरकत म्हणाले, "वाचा, वाचा. सावकाश वाचा."

तीन महिने त्या बाजूला कुणी फिरकलं नाही. आश्विन पौर्णिमेला करुणानं शेवटचं पान वाचलं. खीर वाटली. बायका तिच्या गळ्यात पडल्या. सगळे खुशीत आहेत हे बघून साहेबराव घसा खाकरून उभे राहिले आणि रोमच्या घुमटाची मूळ कल्पना समजावून सांगू लागले.

"ते ऱ्हाऊ द्या, साहेबराव," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "पावसानं कवटी धुऊन चाललीया. पुढल्या सालाला नीट दिसली पायजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्तीचं असं एकमत पत्र्याच्या हॉलनंतर पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबराव उताराच्या तोंडाशी उकिडवे बसून लाल रंगानं हाडं गिरवत होते. करुणा मागं उभी राहून पाहत होती.

"मामा," ती म्हणाली, "दात जरा मोठे काढा."