आई मरायची राहिली

मुलांनो, ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. म्हणून जरा हळू वाचा. मोठ्याने हसू तर मुळीच नका.

एका जंगलात एकच सिनेमा होता. त्याचं नाव 'सोनेरी शिंगांचा सूड'. दर शनिवारी वडाच्या पारंब्यांना पडदा बांधायचे आणि तोच दाखवायचे. सगळ्या जंगलाला तो तोंडपाठ होता. पडद्यावरचं हरीण तोंड उघडायच्या आत प्रेक्षकच ओरडायचे, "या शिंगांना गंज लागत नाही, सरकार!"

शेवटी हरणाची आई त्याच्या मांडीवर प्राण सोडायची. तेव्हा जो तो घरून आणलेलं सागाचं पान डोळ्यांना लावायचा. पान विसरलेल्याला शेजारी आपलं अर्धं फाडून द्यायचा.

त्या जंगलात कुंदा नावाची साळू राहायची. अंगभर काटे, पण स्वभावाने भित्री. तिला त्या सिनेमाचं फार हसू यायचं. तिला एकटीलाच. म्हणून तिने त्याचं विडंबन लिहिलं. स्वतः आई झाली. नामू सशाच्या डोक्यावर दोन काटक्या बांधून त्याला नायक केलं.

सिनेमाभक्त मंडळाचे अध्यक्ष होते धोंडूअण्णा रानडुक्कर. ते म्हणाले, "कर बाई, कर. आम्ही पुढच्या रांगेत बसतो. पण भावना दुखावल्या, तर या मंचावर तुझं पाऊल पुन्हा पडायचं नाही."

भावना दुखावल्याचा अर्ज त्यांनी लिहूनच आणला होता. फक्त कशाने दुखावल्या, ती जागा रिकामी होती.

प्रयोग सुरू झाला. नामू छाती काढून म्हणाला, "या शिंगांना पॉलिश..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. "गंज लागत नाही, सरकार!" सगळे गरजले आणि स्वतःवरच खूश झाले. कुंदाने महिनाभर घासूनपुसून लिहिलेले विनोद असेच एकामागून एक वाहून गेले. अण्णांची लेखणी त्या रिकाम्या जागेवर टेकली.

शेवट आला. कुंदा नामूच्या मांडीवर कोसळली. शेकडो पानं डोळ्यांना लागली.

आता मला सांगा, साळू मांडीवर कोसळली, तर सशाचं काय होईल?

"आई गंऽऽ!" नामू टुणकन उडाला. आई धप्पकन खाली आपटली.

"मेल्या, नीट धरता येत नाही?" कुंदा चिडून उठून बसली. "सुखाने मरूसुद्धा देत नाहीस!"

"मग तू बस ना माझ्या जागी!" नामू मांडी चोळत केकाटला.

हे काही कुणाला पाठ नव्हतं. डोळ्यांवरची पानं खाली आली. कुंदाने घाबरत अण्णांकडे पाहिलं. अण्णांचा जबडा थरथरत होता. आणि मग ते असे खदखदून हसले, की खालचा बाक मोडला. माकडं फांद्यांवरून पटापट गळाली. टिटवीला उचकी लागली.

"उठली रे, उठली!" अण्णा ओरडले. "तीस वर्षं मरत होती बिचारी! वन्स मोअर!" आणि त्यांनी अर्जाला नाक पुसलं.

त्या दिवशी कुंदा घरी नाचत गेली.

मग दर शनिवारी तोच प्रयोग होऊ लागला. मध्ये एकदा सिनेमा लावला, तर "आईला मारता? लाज नाही वाटत?" म्हणून लोकांनी पडदाच फाडला.

दहाव्या शनिवारी नामूने मांडीवर कापसाची उशी घेतली. अण्णा ताडकन उठले.

"उशी? मूळ प्रयोगात ससा खराखुरा टोचून घेतो!"

नामूने मुकाट्याने उशी काढली.

कुंदा चाचरत म्हणाली, "अण्णा, मला एक नवीन विनोद सुचलाय. आज एकदाच मरून बघू का?"

अण्णांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "आमच्या हयातीत नाही, ताई."

तात्पर्य : कशाचीही थट्टा करायची, तर ती वाईटच करावी. चांगली जमली, की लोक तिची पूजा करतात. आणि पूजेच्या वेळी जी मुलगी हसते, तिला आमच्या शाळेत वर्गाबाहेर उभं... आले हं, बाई!