दात्याची उपासमार

भूक ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. ती भागवणं मात्र सार्वजनिक कार्यक्रम आहे. त्याला मांडव लागतो, माइक लागतो आणि अध्यक्ष तर लागतोच. हिंगोलीचे हळदीचे आडते पुंजाजीराव यांना हे इतरांच्या फार आधी उमगलं. म्हणून त्यांनी 'घासातला घास मंडळ' काढलं आणि गोरेगावजवळच्या एका तांड्यावर दरसाल आपल्या वाढदिवशी धान्यवाटप सुरू केलं.

वाटप शिस्तीत होई. आधी सत्कार, मग भाषणं, मग सत्कारातून राहून गेलेल्यांचे सत्कार, आणि ऊन डोक्यावर आलं की पिशव्या. पिशवीच्या दोन्ही बाजूंना पुंजाजीरावांचा फोटो असे (पिशवी कशीही धरली तरी उपकार समोरच राहावेत). आतला तांदूळ आठवडाभर पुरे, पिशवी मात्र दोन-तीन वर्षं टिके. मंडळाचं काम टिकाऊ होतं ते असं. मंडळाच्या अहवालात तांड्यावरची भूक दरवर्षी शंभर टक्के दूर होई. पुढच्या वर्षी ती पुन्हा तेवढीच दूर करावी लागे, त्याला मंडळाचा इलाज नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना हिंगोलीत समाजसेवकांचं एक शिबिर भरलं. पुण्याहून आलेल्या बाईंनी जेवणाआधी सांगितलं की दान ही मलमपट्टी आहे, व्यवस्था बदलली पाहिजे. जेवणात गुलाबजाम होते, तरी पुंजाजीरावांना घास गिळवेना. एवढी वर्षं आपण नुसती मलमपट्टी करत होतो, ही गोष्ट त्यांच्या मनाला खरोखर लागली. माणूस मनाचा वाईट नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं: यंदा पिशव्या नाहीत, यंदा व्यवस्था परिवर्तन मेळावा.

मेळाव्यात मांडव तोच होता, माइक तोच होता, सत्कारही तेच. फक्त धान्य वगळलं होतं. लोक रिकामी पोती काखेत मारून आले होते, ती त्यांनी बसायला घेतली.

"मायबापहो," पुंजाजीराव म्हणाले, "भीक मागायचे दिवस गेले. व्यवस्थेत नेमकं काय बदलायचं, हे आज तुमीच सांगा. भिऊ नका."

ही सूचना पुण्याच्या त्या बाईंची होती. आजवर मांडवात कोणी कोणाला काही विचारलेलं नसल्यामुळे लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग तांड्यावरच्या बचत गटाची रूपाबाई उठली.

"साहेब, रेशनचं दुकान बदला."

"म्हंजे?"

"अंगठा आज घेतात, धान्य म्हंतात पुढच्या गाडीला येईन. माणशी पाच किलोची पावती निघती, पदरात चार पडतात. इचारलं तर म्हंतात उंदरानं खाल्लं. आमी ऊसतोडीला गेलो का आमच्या नावाचं धान्य बराबर उचललं जातं. आमी इथं नसून जेवून राहिलो, अन् इथं असलो का उपाशी."

पुंजाजीरावांचं रक्त उसळलं. "कोन हाय तो दुकानदार? नाव घ्या त्याचं!"

रूपाबाईने नाव घेतलं नाही. तिने नुसतं व्यासपीठाकडे पाहिलं. तिथं प्रमुख पाहुणे म्हणून पुंजाजीरावांचे सख्खे मेहुणे कोंडीबा बसले होते. गळ्यात हार होता आणि हातात नारळ. मागून कोणीतरी म्हणालं, "अन् पिशवीतला तांदूळ बी दरसाल वळखीचाच निघतो."

यावर पुंजाजीरावांनी जे भाषण केलं, ते मंडळाच्या इतिहासात सर्वांत अभ्यासपूर्ण ठरलं. व्यवस्था ही फार मोठी गोष्ट आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिच्यात जागतिक बाजारपेठ येते, हवामान येतं, लोकांची मानसिकता येते. कोपऱ्यावरचं दुकान ही व्यवस्था नव्हे. ती घरगुती बाब. तरीही तक्रारीची दखल घेऊन त्यांनी एक समिती नेमली. अध्यक्षपदी कोंडीबांची निवड झाली (या क्षेत्रातला प्रत्यक्ष अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता).

परतताना पुंजाजीराव आणि कोंडीबा एकाच गाडीत होते. नरसी गाव मागं पडल्यावर पुंजाजीराव म्हणाले, "काहून केलं रे असं? गरिबाच्या तोंडातलं?"

कोंडीबांनी हार काढून मांडीवर ठेवला. "दाजी, तुमच्या वाढदिवसाचा तांदूळ इतका सवंगात कसा पडतो, हे तुमी कधी इचारलं का?"

पुंजाजीरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी खरंच कधी विचारलं नव्हतं. घेणाऱ्याने दात्याला प्रश्न विचारू नयेत, हे त्यांना ठाऊक होतं. दात्याने स्वतःला विचारावेत, असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. क्षणभर त्यांच्या पोटात खड्डा पडला. भूकच लागली असावी, असं त्यांनी ठरवलं.

घरी त्यांनी विषय काढून पाहिला. पार्वतीबाई पिठाचे हात न धुताच बाहेर आल्या. "माझ्या भावाला एक शब्द बोललात, तर उद्यापासून भाकरी तुमच्या तुमी थापा." पुंजाजीरावांच्या स्वतःच्या अन्नसुरक्षेचा प्रश्न उभा राहिल्याने समितीची बैठक लांबली.

तांड्यावरच्या बायकांना समितीची वाट पाहण्याचा पोच नव्हता. त्या रोजी बुडवून तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसू लागल्या. ओरडत नसत, घोषणा देत नसत, नुसत्या पायऱ्यांवर बसत आणि तिथंच भाकरीची फडकी सोडत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट काढायची तकलीफ होऊ लागली. अखेर चौकशी लागली, कोंडीबांच्या गोदामाचं कुलूप उघडलं गेलं आणि उंदीर कोणत्या कंपनीचा टेम्पो वापरतात, हेही बाहेर आलं. दुकान गेलं. दुकानासाठी निघालेल्या नव्या जाहिरातीनुसार बचत गटाने अर्ज केला आणि वर्ष सरायच्या आत तांड्यावरच दुकान आलं. पाच किलोच्या पावतीवर पाच किलो मिळू लागले. कार्यक्रम म्हणावा तर तोही झाला नाही. रूपाबाईने शटर वर केलं आणि माप घालायला घेतलं.

एवढा मोठा बदल झाला आणि त्यात एकही सत्कार नव्हता, याचं पुंजाजीरावांना मनापासून वाईट वाटलं. वाढदिवस जवळ आला तेव्हा त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून, आयुष्यात प्रथमच बाजारभावाने तांदूळ घेतला आणि पिशव्या घेऊन ते तांड्यावर गेले.

रूपाबाईने त्यांना दुकानासमोर खुर्ची दिली, चहा दिला. "साहेब, पिशव्या नका उतरवू. ह्या महिन्याचं सगळ्यांला भेटलं."

"आठवण म्हणून तरी घ्या."

"पुरून राहिलं ना, साहेब. जादा कुठं ठिवावं?"

तिच्या बोलण्यात कसलाही राग नव्हता, आणि तेच त्यांना झोंबलं. ज्यांच्यासाठी आपण आयुष्य वेचलं, ते असे अचानक पोटभर जेवायला लागले! हा कृतघ्नपणा कोणत्या शब्दांत अहवालात घालावा, हे त्यांना कळेना. वाढदिवस तसाच जातो की काय, या विचाराने ते दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. अन्नाची असुरक्षितता म्हणतात ती हीच, अशी त्यांची खात्री पटली.

शेवटी चांगल्या माणसाला मार्ग सापडतोच. खूप फिरल्यावर त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एक गाव मिळालं, जिथं रेशनचं दुकान अजून योग्य माणसाच्या हातात आहे आणि लोक उन्हात रांगेत उभे राहतात. तिथं वाटप झकास झालं.

त्याचा फोटो तुमच्याकडेही आला असेल. एक म्हातारी पिशवी छातीशी धरून उभी आहे, तिच्या डोळ्यांत पाणी आहे. तुमचेही डोळे भरून आले, तुम्ही खाली जोडलेले हात टाकले आणि फोटो पुढं चार जणांना पाठवला. पुंजाजीरावांनी सगळे अभिप्राय दोनदा नीट वाचले. त्या गावात दुकान कोण चालवतं, असं एकानेही विचारलेलं नव्हतं. तेव्हा कुठं त्यांना चार घास गोड लागले.